फसलेल्या बॅचलर पार्टीचा विनोदी सिनेमा: लिहायचा कसा, चित्रित करायचा कसा

लग्नाच्या आदल्या रात्री चार मित्र मजा करायला बाहेर पडतात आणि सकाळपर्यंत सगळं बिघडलेलं असतं. एवढ्या एका ओळीवर सिनेमा उभा राहू शकतो, आणि बऱ्याचदा तो याच ओळीवर आपटतोही. कारण ठरलेलं असतं. लेखक गोंधळांची यादी करतो: मारामारी, पोलीस, चुकीची खोली, चोरीला गेलेली गाडी, कुठूनतरी आलेला एखादा प्राणी. एकेक प्रसंग सुटा वाचला तर हसू येतं, पण चाळिसाव्या मिनिटाला प्रेक्षक चुळबुळ करायला लागतो, कारण पुढचा गोंधळ मागच्या गोंधळातून निघालेला नसतो.

या प्रकारात एकच नियम पाळला तरी निम्मं काम होतं: प्रत्येक नवं संकट हे आधीचं संकट निस्तरण्याच्या प्रामाणिक प्रयत्नातून आलं पाहिजे. पात्रांना मूर्ख करू नका. त्यांना घाबरलेलं, थकलेलं, मित्रावर जीव असलेलं आणि चुकीची माहिती मिळालेलं करा. तपासायची रीत सोपी आहे. प्रसंगांचे एकेका ओळीचे कागद ओळीने मांडा आणि प्रत्येक दोन कागदांच्या मध्ये ‘म्हणून’ किंवा ‘पण’ हा शब्द ठेवून मोठ्याने वाचा. जिथे ‘आणि मग’ शिवाय जमत नाही, तिथे सांधा निखळलेला आहे. तो प्रसंग कितीही आवडता असला तरी एकतर त्याला कारण द्या किंवा काढून टाका.

पुढे सगळीकडे एकच उदाहरण वापरलं आहे, म्हणजे प्रत्येक पायरी कुठे लागते ते दिसेल. नवरदेव सकाळी जागा होतो, तर उजव्या पायाला गुडघ्यापर्यंत प्लास्टर. पाय मात्र मोडलेला नाही. प्लास्टरवर अनोळखी माणसांच्या सह्या आहेत. लग्नाची अंगठी गायब आहे. नवरदेव, त्याचा जिवलग मित्र, तिसरा मित्र आणि वधूचा भाऊ या चौघांपैकी कुणालाही रात्री दहानंतरचं काही धड आठवत नाही. अंगठी असते प्लास्टरच्या आत. ती हरवू नये म्हणून मित्रांनीच रात्री तिथे ठेवलेली असते.

आधी घड्याळ

लग्नाची वेळ हे या प्रकाराला आयतं मिळालेलं भांडवल आहे, आणि ते वाया घालवणाऱ्या संहिता खूप दिसतात. वेळ ठोस ठरवा आणि उलटं मोजत या. लग्न दुपारी ४ वाजता. नवरदेवाने २ वाजता तिथे असायला हवं. वाटेत दोन तास. म्हणजे १२ च्या आत निघायला हवं. जाग येते ९ वाजता. शोधाशोधीला तीन तास उरले. हे गणित पहिल्या वीस पानांत प्रेक्षकाला सहज कळलं पाहिजे, पण कुणी ते संवादात म्हणून दाखवू नये. हॉटेलच्या दारावर अडकवलेला कोट, खोली सोडण्याच्या वेळेची पाटी, वधूच्या भावाने आदल्या संध्याकाळी सगळ्यांना वाचून दाखवलेलं वेळापत्रक, यातून ते जावं.

पुढे दर बारा-पंधरा मिनिटांनी घड्याळाची आठवण करून द्या, दर वेळी वेगळ्या वाटेने. एकदा फोन वाजतो, एकदा रस्त्यावरची सावली आखूड झालेली दिसते, एकदा प्लास्टरवरून पँट चढत नाही. तिसरी आठवण सगळ्यात कामाची, कारण तिच्यात वेळ आणि अडचण एकाच चित्रात येतात.

घड्याळ ठरलं की पळवाटा बंद करायच्या. प्रेक्षकाच्या मनात चार प्रश्न हमखास येतात: फोन का करत नाहीत, पोलिसांकडे का जात नाहीत, पैसे टाकून का सोडवत नाहीत, आणि सरळ खरं का सांगून टाकत नाहीत? ‘बॅटरी संपली’ हे सगळ्यात कच्चं उत्तर, कारण चार्जर सगळीकडे मिळतो. फोन चालू ठेवा आणि तो करणं अशक्य करा. आपल्या उदाहरणात वधूने महिन्यापूर्वी अंगठी जिवलग मित्राकडे देऊ नको असं सांगितलं होतं, आणि नवरदेवाने तिच्याशी वाद घालून ती त्यालाच दिली होती. आता फोन करणं म्हणजे तो वाद हरणं, आणि मित्राचा अपमान करणं. योगायोगाने बंद झालेली पळवाट एकदाच चालते. स्वभावाने बंद झालेली शेवटपर्यंत टिकते.

रात्र दाखवायची की हरवायची

दोन मुख्य रचना आहेत. पहिलीत रात्र क्रमाने घडते आणि संकटं वाढत जातात. दुसरीत रात्र पडद्यावर येतच नाही, सकाळपासून तिचा शोध घेतला जातो. २००९ च्या ‘द हँगओव्हर’ने दुसरी रचना सर्वदूर पोचवली. जॉन लुकास आणि स्कॉट मूर यांची पटकथा, टॉड फिलिप्स यांचं दिग्दर्शन. त्यातला मोलाचा निर्णय म्हणजे नवरदेवालाच हरवणं आणि ती रात्र फ्लॅशबॅकमध्ये न दाखवता शेवटच्या श्रेयनामावलीत स्थिरचित्रांमधून उघड करणं. पार्टीचा सिनेमा तिथे शोधकथा झाला. हे इतकं परिचित आहे की आता तशीच स्थिरचित्रं तशाच जागी ठेवली तर ती उसनी वाटतात. युक्ती घ्यायची असेल तर तिला नवं काम द्यावं लागतं, त्याबद्दल पुढे.

सरळ रचना लिहायला सोपी वाटते, पण ती जास्त अवघड आहे. तिच्यात प्रत्येक प्रसंग आधीच्याहून वरचढ हवा, आणि साठाव्या मिनिटाला वर चढायला जागाच उरत नाही. शोधाच्या रचनेत लहान गोष्टही चालते. बुटाला लागलेली पांढरी पूड हा पुरावा असेल, तर प्रेक्षक ती डोळे मोठे करून बघतो.

तिसरी वाट काळ्या विनोदाची, जिथे पार्टीत कुणाचा तरी जीव जातो. पीटर बर्ग यांचा १९९८ चा ‘व्हेरी बॅड थिंग्ज’ आणि लुसिया अनियेलो यांचा २०१७ चा ‘रफ नाइट’ दोन्ही या वाटेने जातात. इथे स्वर पहिल्या दहा पानांतच ठरवावा लागतो. अर्धा सिनेमा हलकाफुलका ठेवून मग मृतदेह आणला, तर त्यानंतरच्या प्रत्येक विनोदावर त्याची छाया पडते आणि पात्रं निर्दय वाटू लागतात. पहिलीच संहिता असेल तर ही वाट टाळलेली बरी.

रात्रीची वही

रचना कोणतीही असो, पटकथेचं पहिलं पान लिहायच्या आधी संपूर्ण रात्र कागदावर घडवा. हे काम कंटाळवाणं आहे आणि याला पर्याय नाही. सात रकाने आखा: वेळ, जागा, कोण होतं, काय घडलं, मागे काय पुरावा उरला, तो सकाळी कुणाला कधी सापडतो, आणि कुणाला काय आठवतं. आपल्या उदाहरणाची वही अशी:

रात्री ८:००. हॉटेलची खोली, चौघेही. जिवलग मित्र अंगठी सगळ्यांना दाखवून खिशात ठेवतो. हे सगळ्यांना आठवतं, त्यामुळे सकाळी पहिला संशय त्याच्यावर.

१०:३०. पहिला बार. वाकताना अंगठी पडते, चौघे टेबलाखाली रांगतात, सापडते. पुरावा: चारही पँटचे गुडघे मळलेले. सकाळी चौघांना वाटतं, आपण कुणाचे तरी पाय धरले असणार.

११:४५. दुसरी जागा. अंगठी बर्फाच्या बादलीत मिळते. नवरदेव आता खरोखर घाबरतो.

१२:३०. तिसरा मित्र हाडांच्या दवाखान्यात प्लास्टर घालण्याचं काम करतो. खिशातली पडेल, बोटातली निघेल, प्लास्टरमधली करवतीशिवाय निघणार नाही, असा त्याचा हिशेब. त्या अवस्थेत चौघांनाही तो बिनतोड वाटतो.

१:००. दवाखाना. अंगठी कापसात गुंडाळून नडगीच्या बाजूला, वरून प्लास्टर. पुरावा: बुटांवर पांढरी पूड, खिशात दवाखान्याची किल्ली, कुबड्यांची एक जोडी, तीही भलत्याच उंचीची.

१:४० ते ३:३०. जिथे जातील तिथे लोक नवरदेवाची विचारपूस करतात आणि प्लास्टरवर सही करतात. म्हणजे रात्रीचा नकाशाच पायावर लिहिला जातो.

३:३०. कुणालाही, अगदी एकमेकांनाही, अंगठीची जागा सांगायची नाही अशी शपथ.

या वहीचा उपयोग दोन ठिकाणी होतो. एक, प्रत्येक पुराव्याला खरं कारण असतं, त्यामुळे लिहिताना अडलात की वही उघडायची. दोन, ती पटकथेच्या क्रमाने नव्हे तर घडलेल्या क्रमाने असते, म्हणून चूक लगेच पकडता येते. उदाहरणार्थ, प्लास्टर पाच-दहा मिनिटांत घट्ट होतं आणि घट्ट होताना गरम लागतं, पण पूर्ण सुकायला एक ते तीन दिवस जातात. सकाळी ९ वाजता ते आठ तासांपूर्वीचं आहे, म्हणजे हाताला अजून गार आणि दमट लागणार. हे तिसऱ्या मित्राला कळायलाच हवं, कारण त्याचा धंदाच तो. ‘हे आजचंच आहे’ ही शोधातली पहिली पक्की माहिती तिथून मिळते. तपशील खरा असला की कथा आपोआप पुढे सरकते.

वहीतला शेवटचा रकाना मात्र कधीच रिकामा सोडायचा नाही: कुणाला काय आठवतं. दारूने स्मृती जाण्याचे दोन प्रकार आहेत. एकात तुकडे हरवतात आणि एखादी खूण, वास, जागा समोर आली की काही तुकडे परत येऊ शकतात. दुसऱ्यात मेंदू त्या काळात आठवणी साठवतच नाही. माणूस चालतो, बोलतो, हिशेब करतो, पण नोंद होत नाही, आणि जे साठवलंच नाही ते पुढे आठवणार नाही. रक्तातलं दारूचं प्रमाण झपाट्याने वाढलं की हे घडतं. बेशुद्ध पडणं ही वेगळी गोष्ट. तेव्हा शेवटच्या प्रसंगात नायकाला अचानक सगळं आठवणं ही फसवणूक आहे. वधूच्या भावाने कमी प्यायली असेल तर त्याला तुकडे आठवू द्या, तेही चुकीच्या क्रमाने. बाकीच्यांना पुराव्यावरच चालू द्या. आणि कुणाच्या पेयात न सांगता काही मिसळणं हा गंमतीचा खटका म्हणून वापरू नका. तो गुन्हा आहे, आणि सिनेमाने तो गुन्हाच मानला पाहिजे.

माणसं

चार पुरेत. पाच झाले की एका चौकटीत मावत नाहीत आणि एक जण कायम मागे उभा राहून माना डोलवत राहतो. चौघांना त्या रात्रीकडून वेगवेगळं काहीतरी हवं असावं. जिवलग मित्राला ही दोघांची शेवटची रात्र वाटते. तिसऱ्या मित्राला वाटतं की या गटात आपल्याला कुणी गंभीरपणे घेत नाही, म्हणूनच त्याची प्लास्टरची कल्पना मान्य झाल्यावर तो इतका फुलतो. वधूच्या भावाला माणूस पारखायचा आहे. आणि नवरदेवाला, जो बहुतेक संहितांमध्ये सगळ्यात फिका असतो, काय हवंय हे सगळ्यात आधी ठरवा. इथे त्याला कुणालाच नाराज करायचं नाही. अंगठी मित्राला देण्यापासून पायाला प्लास्टर घालू देण्यापर्यंत सगळं त्यातूनच येतं.

वधू फोनवरचा रागावलेला आवाज होऊन बसते, हा या प्रकारातला जुना दोष. तिला घटना बदलणारी निदान एक कृती द्या. स्थिरचित्रांना नवं काम देण्याची जागाही हीच. फोनवर काढलेले फोटो पुसले असं दाखवलं तर चाणाक्ष प्रेक्षक म्हणेल, ते परत मिळतात. म्हणून रात्रीचे फोटो एकदाच वापरायच्या फिल्म कॅमेऱ्यावर काढलेले ठेवा. अशा कॅमेऱ्यात साधारण २७ फोटो बसतात. तो कॅमेरा सकाळी सामानाबरोबर चुकून लग्नाच्या ठिकाणी पोचतो आणि वधू रोल धुवून घेते. तीन वाजता ती चित्रं बघते, आणि अंगठी कुठे आहे हे जगात फक्त तिलाच कळतं. त्यानंतर ती गप्प राहून नवरदेव स्वतः खरं सांगतो का याची वाट बघते. इथे विनोद आणि लग्नाचा खरा प्रश्न एकाच प्रसंगात येतात, आणि तो प्रसंग तिचा आहे.

पानांचा हिशेब

नेहमीच्या पटकथेच्या मांडणीत एक पान म्हणजे साधारण एक मिनिट. विनोदी सिनेमाला ९५ ते १०५ पानं भरपूर. देवनागरीत अक्षराचा आकार आणि ओळींमधली जागा बदलली की हा हिशेब बिघडतो, म्हणून दहा पानं मोठ्याने वाचून घड्याळ लावा आणि आपल्या मांडणीचं प्रमाण काढा. पार्टी बाराव्या पानापर्यंत सुरू व्हावी, परत न फिरता येणारी गोष्ट पंचविसाव्याच्या आसपास घडावी. मध्यावर शोधाची दिशा उलटावी. आपल्याकडे तिथे कळतं की अंगठी कुणी चोरली नाही, आपणच लपवली आहे. पंचाहत्तराव्या पानाजवळ मित्रांचं खरं भांडण यावं, विनोद न करता.

पेरणीबद्दल एक गोष्ट. पुढे उपयोगी पडणारी माहिती आत्ता स्वतःचं वेगळं काम करत असली पाहिजे. नवरदेव दोनदा म्हणतो, ‘आत काहीतरी टोचतंय.’ पहिल्यांदा तो प्रवासातला विनोद असतो, दुसऱ्यांदा भांडणात तोंड बंद करण्याचं कारण. प्रेक्षकाला उत्तर त्याच्या डोळ्यांसमोर ठेवल्याचा आनंद शेवटी मिळतो. तिसऱ्यांदा म्हणवून घेतलं तर रहस्य फुटेल.

प्लास्टर काढायचा प्रसंगही नीट माहिती घेऊन लिहा. दवाखान्यातली करवत गोल फिरत नाही, थरथरते, त्यामुळे कडक प्लास्टर कापलं जातं आणि मऊ त्वचा सहसा कापली जात नाही. नवरदेवाला हे माहीत नाही, तिसऱ्या मित्राला माहीत आहे, आणि त्याच्यावर आता कुणाचा विश्वास नाही. एवढ्यावर तीन पानांचा प्रसंग होतो. करवत नसेल तर कोमट पाण्यात भिजवून प्लास्टर मऊ करता येतं, पण त्याला वेळ लागतो, आणि वेळच तर नाही.

नशा चढलेली दाखवताना

इथे सगळ्यात जास्त सिनेमे बिघडतात. झिंगलेला माणूस झिंगल्यासारखं वागत नाही, तो शुद्धीत असल्यासारखं वागायचा आटोकाट प्रयत्न करतो. नटाला झोकांड्या देऊ देऊ नका. त्याला एखादं बारीक काम द्या: किल्ली भोकात घालणं, नोटा मोजणं, पूर्ण वाक्य व्याकरणासकट संपवणं. नजर एका जागी रोखलेली, हालचाल किंचित सावकाश, आवाज प्रसंगाला लागतो त्याहून थोडा मोठा. शब्द चघळण्यापेक्षा ते जास्त स्पष्ट उच्चारण्याचा प्रयत्न अधिक हसवतो.

चित्रीकरण क्रमाने होत नाही. मंगळवारी रात्री ३ चा प्रसंग, बुधवारी रात्री ९ चा. म्हणून संहितेच्या समासात प्रत्येक प्रसंगाला, प्रत्येक पात्रासाठी नशेचा आकडा लिहा: ० म्हणजे कोरा, १ खुललेला, २ मोठ्याने बोलणारा, ३ ठाम आणि चुकीचा, ४ हळवा, ५ आडवा. सकाळच्या प्रसंगांना डोकेदुखीची वेगळी मोजपट्टी हवी, कारण ९ वाजताचं डोकं आणि ११ वाजताचं डोकं एक नसतं. स्क्रिप्ट सुपरवायझर, म्हणजे प्रसंगांची सलगता सांभाळणारा माणूस, टेकच्या आधी आकडा सांगतो, नट तिथे पोचतो. प्लास्टरच्या निर्णयाचा प्रसंग लिहायचा झालाच तर तिघांचा आकडा ३ ठेवा. ४ वर गेला की हिशेब बिनतोड वाटत नाही.

सेटवर खरी दारू नको, एका घोटाचीही नको. व्हिस्कीच्या जागी कोरा गार चहा, वोडकाच्या जागी पाणी, बिअरच्या जागी अल्कोहोल नसलेली बिअर. सगळं बिनसाखरेचं ठेवा, कारण दहा टेकमध्ये नट दोन-तीन ग्लास सहज रिचवतो. ग्लासच्या मागच्या बाजूला मेणपेन्सिलीने पातळीची खूण करा आणि प्रत्येक टेकआधी तिथवर भरा. नाहीतर संकलनात पेय आपोआप वर-खाली होत राहील.

सेटवरचं काम

खोलीचा क्रम नैसर्गिक ठेवा: आधी नीटनेटकी, मग पार्टी, मग उद्ध्वस्त. उलटं करावं लागलं, तर कला विभागाला दुप्पट वेळ लागतो आणि भिंतीवरचा एखादा डाग राहूनच जातो. प्रत्येक टप्प्याचे फोटो सगळ्या कोपऱ्यांतून घ्या.

प्रत्येक मुख्य पात्राच्या शर्टाच्या चार अवस्था लागतात: कोरा, घामेजलेला, मळलेला, फाटलेला. प्रत्येक अवस्थेच्या निदान दोन प्रती. पेय सांडण्याचा प्रसंग असेल तर कोऱ्याच्या चार.

प्लास्टर खरं घालू नका. नटाच्या पायाचा साचा घेऊन हलकं खोटं प्लास्टर बनवा, दोन्ही बाजूंनी चिरलेलं, आतून वेल्क्रोने बंद होणारं, शिवण जाळीदार पट्टीने झाकलेली. जेवणाच्या सुट्टीत ते काढता आलं पाहिजे, नाहीतर पाय सुजतो. चार प्रती करा: कोरं, थोड्या सह्यांचं, पूर्ण भरलेलं, कापायचं. कापायच्या प्रतीचे आणखी दोन जोड ठेवा. सह्या सगळ्या प्रतींवर त्याच जागी याव्यात म्हणून पूर्ण भरलेल्या प्रतीवर पारदर्शक प्लास्टिक गुंडाळून सह्या गिरवून घ्या आणि त्यावरून बाकीच्या काढा. हा तपशील चुकला तर चुकलाच, कारण या सिनेमात प्रेक्षक तेच वाचत बसलेला असतो.

बार आणि क्लबच्या प्रसंगांत संगीत चालू ठेवून संवाद घेता येत नाहीत. गाणं थोडा वेळ वाजवून मागच्या गर्दीला ताल द्या, मग बंद करा. ‘थंपर’ वापरला तर उत्तम: तीस-चाळीस हर्ट्झचा खोल ठोका वाजत राहतो, नाचणारे त्यावर नाचतात, आणि मिक्सिंगमध्ये तो संवादांखालून गाळून टाकता येतो. गर्दीतल्या कलाकारांनी ओठ हलवायचे, आवाज काढायचा नाही. मुख्य नटांनी मात्र संगीतावर मात करायची असल्यासारखं ओरडूनच बोललं पाहिजे. शांत खोलीत ते विचित्र वाटतं, म्हणून दर टेकआधी आठवण द्या.

रात्रीचे प्रसंग सलग आठवड्यांत लावा. दिवस-रात्र आलटून पालटून लावलं की चौथ्या दिवसापासून कामात चुका होतात. दोन पाळ्यांमध्ये निदान दहा-बारा तासांची विश्रांती ठेवा. पहाटेचा प्रसंग असेल तर अंधारातच संपूर्ण तालीम, कॅमेऱ्याच्या जागा पक्क्या, कारण हवा तो उजेड थोडाच वेळ टिकतो आणि त्यात दोन-तीन टेकच मिळतात. रस्ता ओला करून घेतला की दिव्यांची चमक परतते आणि कमी प्रकाशात चित्र खोल दिसतं. पण मग पुढच्या सगळ्या शॉटमध्ये तो ओलाच हवा.

फुटणाऱ्या बाटल्या बनावट काचेच्याच वापरा. साखरेच्या काचेला उष्णता आणि दमट हवा सोसत नाही, त्यामुळे बरेच जण राळेच्या वापरतात. त्याही डोळ्यांजवळ फोडू नयेत. गाडीचे प्रसंग ओढगाडीवर चढवून घ्या. आणि नशेतल्या नायकाला गाडी चालवायला लावूच नका, टॅक्सीत बसवा. ज्याच्यासाठी प्रेक्षकाने काळजी करायची, तो रस्त्यावरच्या लोकांचा जीव धोक्यात घालत असेल तर पुढचा विनोद गळ्याखाली उतरत नाही. शिवाय टॅक्सीचालक हा आणखी एक साक्षीदार मिळतो, आणि त्याची सही प्लास्टरवर असतेच.

कॅमेरा दोन हवेत, समोरासमोरच्या पात्रांवर एकाच वेळी. उत्स्फूर्त बोलण्यात एकाचं वाक्य आणि दुसऱ्याची त्याच क्षणीची प्रतिक्रिया दोन्ही मिळतात. नंतर वेगळ्या टेकमध्ये ती प्रतिक्रिया पुन्हा येत नाही. आधी संहितेप्रमाणे दोन चांगले टेक मिळवा, मगच मोकळा टेक द्या. मोकळ्या टेकमध्ये पुराव्याची माहिती बदलायची नाही, हे नटांना स्पष्ट सांगा. चार माणसं एका चौकटीत दिसतील असा रुंद शॉट प्रत्येक प्रसंगात घ्या. चौघांतला एक काहीतरी बोलतो आणि बाकीचे तिघे तीन वेगळ्या कारणांनी गप्प होतात, हा या सिनेमाचा मूळ विनोद आहे, आणि तो जवळून घेतलेल्या शॉटमध्ये दिसत नाही.

संकलन

पहिला कट दोन तासांवर जाईल. तो अनोळखी वीस-तीस माणसांना दाखवा आणि खोलीतला आवाज रेकॉर्ड करा. नंतर तो आवाज चित्राशी जुळवून ऐका. हशा कुठे पुढचं वाक्य बुडवतो, तिथे संवादाआधी एखादी मूक प्रतिक्रिया घालून जागा करा. हशा जिथे अपेक्षित होता आणि आला नाही, तिथे बहुतेक वेळा विनोद वाईट नसतो. त्याची पेरणी चुकलेली असते, म्हणून दहा मिनिटं मागे जाऊन बघा. प्रेक्षकांना नंतर एक प्रश्न नक्की विचारा: अंगठी कुठे आहे हे तुम्हाला कधी कळलं? बहुतेकांचं उत्तर पहिल्या अर्ध्या तासातलं असेल तर ‘टोचतंय’चं पहिलं वाक्य काढा. कुणालाच आधी शंका आली नसेल तर ते थोडं ठळक करा.

कापताना सगळ्यात आधी समजावून सांगणारी वाक्यं जातात, मग प्रवास, मग दारं उघडणं-बंद होणं. मित्रांचं भांडण मात्र लांबलं तरी ठेवा.

त्या २७ चित्रांसाठी वेळापत्रकात स्वतंत्र अर्धा दिवस राखून ठेवा, आणि ती खऱ्या फिल्मवर, कॅमेऱ्याच्याच फ्लॅशने काढा. चांगल्या कॅमेऱ्याने काढून नंतर खराब केलेले फोटो ओळखू येतात. कोणत्या चित्रात कोणता शर्ट, प्लास्टरवर किती सह्या, कोणाचे गुडघे मळलेले, हे रात्रीच्या वहीवरून क्रमांकवार लिहून घ्या. पहिल्या तेरा चित्रांत प्लास्टर नसेल, शेवटच्या चित्रात ते भरलेलं असेल. चौदावं चित्र, ज्यात अंगठी कापसात जाताना दिसते, ते निदान तीन रोलवर वेगवेगळं काढा. फिल्म धुतल्याशिवाय ते आलं की नाही कळत नाही, आणि सिनेमाचा शेवट त्याच्यावर आहे.